तापलेलं दावणीला बांधू नये

चहा निवायची वाट बघणारी माणसं मला कधी समजली नाहीत. कपात पडला की मी तो तोंडाला लावतो आणि जीभ भाजून घेतो. पन्नाशी आली तरी रोज सकाळी हेच. लहानपणी आमच्या वाडीतला पेरू पिकल्यावर आतून कसा दिसतो हे मला ठाऊक नव्हतं, कारण हिरवा असतानाच तो माझ्या पोटात जाऊन दुखायला लागलेला असायचा. माझी बायको कल्पिता म्हणते, "हे सातव्या महिन्यातच जल्मले असं सासूबाय सांगायच्या. मना तवा पटलं नव्हतं. आता पटलं."

मी गणराज. किहीमच्या अलीकडे, नारळाच्या वाड्या संपून भरतीचं खारं पाणी शिरणारं खाजण सुरू होतं तिथे आमचं घर आहे. आजा मिठागरात राबला. वडील धर्मा, ज्यांना घरात आणि गावात सगळे दादा म्हणतात, ते अर्धं आयुष्य मिठागरात आणि उरलेलं शर्यतीच्या बैलांमागे फिरले. मी टेम्पो चालवतो. मुंबईकरांच्या बंगल्यांना चिरे, वाळू, सिमेंट पोचवतो, आणि पोचवून झाल्यावर त्यांच्या फाटकातून त्यांच्या गाड्या बघत उभा राहतो. माझ्या सगळ्या दुखण्याचं मूळ त्या फाटकात आहे.

आमच्या दावणीला पाखऱ्या आणि मोती अशी जोडी होती. ओहोटीला समुद्र मागे सरला की ओल्या वाळूवर छकड्यांच्या शर्यती लागायच्या आणि आमची जोडी पळाली की चौलपासून माणसं बघायला यायची. दादांचं वेगळेपण मात्र शर्यत संपल्यावर दिसायचं. बाकीचे गुलाल उधळत, फेटे उडवत बसलेले असताना दादा बैल सोडून पाण्याच्या कडेने चालायला लागायचे. हळू, मानेवर हात ठेवून. धापा टाकणाऱ्या बैलाला ना पाणी, ना खुंटा. श्वास ठिकाणावर आला, कातडीची थरथर थांबली, की मग घरी. "तापलेलं जनावर दावनीला बांधलं की आतून मोडतं," एवढंच ते सांगायचे.

मला त्यांनी हे काम एकदाच दिलं होतं. मी पोरगा होतो आणि लांब बर्फाच्या गोळेवाल्याची घंटी वाजत होती. मी पाखऱ्याला जवळच्या सुरूच्या झाडाला बांधला आणि गोळा खाऊन आलो. पुढचे काही दिवस पाखऱ्या मागचा पाय ओढत चालला. दादा मला रागावले नाहीत, मारलं तर मुळीच नाही. फक्त त्यानंतर बैल फिरवायचा दोर त्यांनी माझ्या हातात कधी दिला नाही. मी मोठा झालो, लग्न झालं, टेम्पोचा मालक झालो, तरी शर्यत संपली की दोर त्यांच्याकडे आणि रिकामी बादली माझ्याकडे.

मग शर्यतींवर बंदी आली. ती उठेपर्यंत बैल म्हातारे होऊन गेले, आणि दादांचे गुडघेही गेले. गोठा रिकामा पडला. कल्पिताला तिथे लाकडं ठेवायची होती. मला मात्र वाटायचं की आपल्या घराण्याच्या दावणीला काहीतरी पळणारं हवं. हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्या हौसेला अक्कलही नव्हती.

एका बंगल्याच्या मालकाच्या ओळखीने मी एक जुनी लाल गाडी घेतली. दिसायला छोटी, बसायला अडचणीची, पण टर्बोवाली. टर्बो म्हणजे काय हे मला घेताना सांगता आलं नसतं. आता सांगता येतं, कारण त्याचे तुकडे मी हातात धरून पाहिलेत. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक चक्र फिरतं, ते भयंकर वेगाने फिरतं आणि दुसऱ्या बाजूने इंजिनाच्या छातीत जास्तीची हवा कोंबतं. म्हणजे लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. माझ्यासारख्याला हे पटणारच. मीही आयुष्यभर छाती फुगवूनच मोठा दिसत आलोय.

गाडी गोठ्यात उभी केली. दादा काठी टेकत आले, पुढून बघितली, मागून बघितली, टपावर हात ठेवला.

"पितं किती?" त्यांनी विचारलं.

"बैलापेक्षा जास्त," मी म्हणालो.

"मंग पलत असंल," म्हणून ते परत ओटीवर जाऊन बसले.

पळत होतीच. पण मला तेवढ्यावर थांबवेना. नवी मुंबईहून रितेश नावाचा कारागीर आमच्या भागात गॅरेज टाकून बसला होता. अंगठ्या, गॉगल, आणि जीभ अशी की तिच्यावरच टर्बो बसवला असावा. त्याने गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाला, "शेठ, गाडी सोयी हुई है. आपण तिला जागी करू. लॅपटॉप लावला ना, एकदम वाघ." त्याने लॅपटॉप लावला, टर्बोचा दाब वाढवला, आणि हवा गाळणारा कंपनीचा बंद डबा काढून तिथे उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवला. त्याचा फायदा काय, तर पेडल सोडलं की 'शूऽऽ' असा आवाज येतो. ताकद किती वाढली हे मी विचारलं नाही. आवाज ऐकला आणि खिसा उघडला.

त्यानंतरच्या लग्नसराईत आमच्या पट्ट्यातली एक हळद मी सोडली नाही. आमच्याकडची हळद म्हणजे काय सांगू, नवरदेव एका बाजूला आणि गाव एका बाजूला नाचत असतं. मी मांडवाच्या तोंडाशी गाडी भरधाव आणायची, पेडल दाबून सोडायचं, मागच्या नळीतून फटाक्यासारखे बार काढायचे, पोरांनी शिट्ट्या मारायच्या, आणि त्या शिट्ट्या चालू असतानाच चावी फिरवून गाडी बंद करून, चावी बोटावर नाचवत मांडवात शिरायचं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात; इथे नवरा बिचारा शांत बसलेला असायचा, बाशिंग माझ्याच गुडघ्याला. जेवण झालं की पुन्हा चावी, पुन्हा बार, पुढची हळद.

त्यातही एक शहाणपण राहिलं होतं, तेही केलं. एका सकाळी ओहोटी बघून गाडी किनाऱ्यावर उतरवली. जिथे पाखऱ्या-मोती पळायचे त्याच ओल्या वाळूवर पळवली. बैल पळतात तिथे ही का नाही पळणार, असा माझा बिनतोड मुद्दा होता. पोलीस पाटलाने हाकललं तर दुसऱ्या सकाळी पलीकडच्या टोकाने उतरवली. उघडा फिल्टर, उडणारी वाळू, खारा वारा, आणि मी खिडकी खाली करून 'शूऽऽ' ऐकतोय. त्या वाळूतली किती इंजिनात जात होती हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. तिथे जागा नव्हती, तिथेही वाळूच होती.

अशात सदाचा फोन आला. सदा म्हसळ्याकडचा, भातशेतीवाला कुणबी, दादांच्या वयाचा. दोघांची दोस्ती शर्यतीतली, म्हणजे निम्मी दोस्ती आणि निम्मं वैर. दरवर्षी एकमेकांना हरवायचं आणि मग एकाच ताटात जेवायचं. बंदी उठल्यावर सदाच्या मुलाने नवी जोडी घेतली होती आणि खाडीपलीकडच्या किनाऱ्यावर शर्यत लागणार होती.

फोन ठेवून दादा माझ्याकडे आले. त्यांनी माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही, त्यामुळे मी आधी घाबरलोच.

"मना सदाचे शर्यतीला ने," ते म्हणाले. "यंदा पाय हायेत. फुडचे वर्साला असतील का नाय, सांगता येत नाय."

"नेतो की," मी म्हणालो. "आपल्या गाडीनं."

कल्पिता आतून ओरडली, "टेम्पोनं न्या. टेम्पो पोचतं तरी."

दादांसारख्या शर्यतवाल्याला सिमेंटच्या टेम्पोतून न्यायचं म्हणजे माझ्या नाकाचा प्रश्न होता. आमच्या घरात गुडघे दादांचे नाजूक आणि नाक माझं.

पहिल्या वेळी आम्ही रेवदंड्याचा पूल ओलांडून काशीदच्या चढापर्यंत गेलो. दादांनी स्वच्छ धोतर, डोक्याला फेटा, हातात काठी, असा शर्यतीचा थाट केला होता. चढावर एक पर्यटकांची गाडी पुढे होती. ती मागे टाकायची काही गरज नव्हती. मी पेडल दाबलं. ती मागे पडली आणि आतून 'धाड' असा आवाज झाला आणि गाडीचा जीवच गेला. जास्तीच्या दाबाने हवेची नळी जोडातून निसटून लोंबत होती. टर्बो हवा भरतोय आणि ती रस्त्यावर सांडतेय. आम्ही गाढवाच्या चालीने कडेला आलो. दादा रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसले. ज्या पर्यटकांना मी मागे टाकलं होतं ते येऊन, खिडकी खाली करून, "काका, काही मदत?" असं विचारून गेले. गाडी उचलून न्यायला माणूस येईपर्यंत तिकडे खाडीपलीकडे शर्यत लागून संपलीही असेल. दादांनी फेटा सोडला, नीट घडी घालून मांडीवर ठेवला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

रितेशने नळी बसवली, पट्टा आवळला आणि म्हणाला, "हे छोटं काम शेठ. परफॉर्मन्स गाडीत असं होतंच." मला हे वाक्य फार आवडलं. पुढचे दिवस मी ते सगळ्यांना ऐकवत होतो. आमच्या किहीमकडच्या एका बंगल्यावर एक भलीमोठी गाडी आहे, तिला टर्बोऐवजी इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर आहे असं तिथला माळी सांगतो. ती गाडी मी दोनदा ट्रकवर झोपून मुंबईला जाताना पाहिली. मालक मागच्या गाडीतून फोनवर हसत चालला होता. मोठ्या माणसाची गाडी बंद पडली की तिला सर्व्हिस म्हणतात. माझी पडली की नाक्यावर चहाबरोबर वाटून खातात.

सदाच्या बाजूला महिन्याभराने दुसरी शर्यत ठरली. वेळ अर्थात ओहोटीची, आणि ओहोटी काही रितेशच्या गॅरेजला विचारून येत नाही. ह्या वेळी मी चढावर जपून चाललो. मुरूड गेलं, आगरदांडा आला, समोर दिघीला जायची फेरीबोट धक्क्याला लागलेली. बोट दिसली आणि माझ्यातला सातव्या महिन्याचा जागा झाला. शेवटचा सरळ रस्ता मी असा मारला की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मला वाटलं, कौतुकाने बघतायत. ती माझ्या मागे बघत होती. मागच्या नळीतून निळसर धुराचा लोट निघत होता, होमकुंडातून निघावा तसा. एक बाई पोर कडेवर घेऊन पळाली. कोणीतरी "आग, आग" ओरडलं, आणि बोटीवरचा माणूस दोन्ही हात हलवत आला.

"ही गाडी बोटीवर नाय चढायची. मागं घ्या."

"अहो, फक्त तेल जळतंय," मी म्हणालो, जणू हे पात्रतेचं प्रमाणपत्र होतं.

"मंग धक्क्यावर जाळा. माझे बोटीत नको."

बोट गेली. दादा तिच्याकडे बघत धक्क्यावर उभे होते. मी म्हणालो, पुढच्या बोटीने पायीच जाऊ, पलीकडे रिक्षा करू. ते म्हणाले, "पलीकडं उतरून रिक्शाशी जावपरेंत पाय नाय साथ देत रं." धक्क्यापर्यंत चालतानाच त्यांनी माझ्या खांद्याला धरलं होतं, हे मला तेव्हा लक्षात आलं. त्या दिवशी मला गाडीचा नाही, माझाच धूर झाल्यासारखं वाटलं. मिठागरात उन्हात उभा राहणारा, बैलांमागे वाळू तुडवणारा माणूस, आणि मी त्याचे उरलेसुरले पाय माझ्या नाकासाठी खर्चत होतो.

गॅरेजमध्ये रितेशने टर्बो खोलला तेव्हा दादा शेजारी एका टायरवर बसले होते. मीच त्यांना आणलं होतं. घरी कल्पिताच्या तोंडासमोर त्यांना एकटं ठेवायला नको असं मी म्हणालो, खरं तर तिच्यासमोर एकटं जायचा धीर मलाच नव्हता. चक्राचा दांडा बोटाने हलवला की हलत्या दातासारखा डुलत होता. त्याच्या आतल्या बाजूला तेल जळून कोळसा झालेलं. हवा ओढणाऱ्या पात्यांच्या कडा वाळूने कुरतडलेल्या.

"शेठ, समुद्रावर गाडी चालवता?" रितेशने विचारलं.

"थोडी," मी म्हणालो.

"आणि पळवून आणली की लगेच बंद करता?"

"मग काय, उगाच पेट्रोल जाळू?"

"अहो, पळवल्यावर हे आतलं चक्र तापून लाल झालेलं असतं. इंजिन चालू असतं तोवर तेल फिरतं, त्याला निववतं. तुम्ही चावी फिरवली की तेल जागच्या जागी थांबतं आणि करपतं. आल्यावर जरा चालू ठेवायची. निवली की मग बंद करायची."

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. छताला पत्रा होता, त्याला एक भोकसुद्धा नव्हतं की मी त्यातून निघून जावं. मागचा पाय ओढत चाललेला पाखऱ्या मला स्पष्ट दिसत होता, आणि लांबून गोळेवाल्याची घंटीही ऐकू येत होती.

हे सगळं रितेशने आधी का सांगितलं नाही, असं कल्पिताने नंतर विचारलं. सांगितलं असतं तरी मी ऐकायला थांबलो नसतो, म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तसंही दाब वाढवून देणारा तो, आणि हौसेने वाढवून घेणारा मी. आम्ही दोघं एकाच माळेचे मणी.

टर्बो नवा बसला. कंपनीचा फिल्टरचा डबा परत आला. लॅपटॉप लावून वाघाची पुन्हा मांजर केली. 'शूऽऽ' गेला. हळदीच्या मांडवात मी टेम्पोने जायला लागलो, आणि पोरं विचारायला लागली, "काका, वाघ कुठं?" मी सांगायचो, आजारी आहे.

मोसमातली शेवटची शर्यत ठरली. पाऊस लागला की किनारा बंद. दादांचं चालणं तोवर ओटीपासून विहिरीपर्यंतच उरलं होतं. ह्या वेळी मी स्वतःच म्हणालो, "दादा, टेम्पोनं जाऊ. गादी टाकतो. आरामात जाल."

"नको," दादा म्हणाले. "तुझेच गारीनं जाव."

"परत बंद पडली तर?"

"परल तर परल. जनावर घरात आनलं ना? मंग त्याला लाजून गोठ्यात कोंबून नाय ठेवाचं."

कल्पिता माझ्याकडे बघत होती. तिने डबा भरला, पाण्याच्या बाटल्या भरल्या, आणि मी कधी नव्हे तो गाडी सुरू करून तापायची वाट बघत बसलो. चहासुद्धा निवू देऊन प्यायलो. तो फारच गुळमट लागतो, हे त्या दिवशी कळलं.

त्या प्रवासाचं काय वर्णन करू? पळण्यासाठी जन्मलेली गाडी मी वरातीच्या घोड्यासारखी चालवली. साळावच्या पुढे एका एसटीने मला मागे टाकलं. काशीदच्या चढावर एका स्कूटरने टाकलं, तिच्यावर तिघं होते. मुरूडला दादांच्या लघवीसाठी थांबलो तर मी इंजिन चालू ठेवून निववत बसलो. दादा जाऊन, हात धुऊन, शहाळं पिऊन परत आले तरी मी निववतच होतो. आगरदांड्याला पोचलो तेव्हा बोट धक्क्यालाच होती. पण तिकिटाला जायचं तर गाडी बंद करायला हवी, आणि ती अजून निवली असं मला वाटेना. मी बसून राहिलो. बोटीवरचा तोच माणूस ओरडला, "येताय का नाय?" मी हात केला, थांबा, थंड होतेय. तो थांबला नाही. ती बोट आमच्याशिवाय गेली.

दादा नुसते "हूं" म्हणाले.

शर्यत आधी घाईने घालवली होती, आता धीराने घालवली. मधला रस्ता असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा मी गोळा खायला गेलो होतो. पुढच्या बोटीने पलीकडे उतरून आम्ही किनाऱ्याच्या दिशेला लागलो. वाटेत समोरून टेम्पो यायला लागले. त्यांत बैल उभे होते, शिंगांना गुलाल होता. दादा खिडकीतून प्रत्येक जोडी नीट बघत होते.

सुरूच्या बनाशी गाडी उभी केली तेव्हा मांडव सुटत होता. पाणी चढायला लागलं होतं. गाडीतून उतरून मी धावलो. शर्यत झाली का, हे कोणाला विचारायचीही गरज नव्हती, पण मी तिघांना विचारलं. तिघांनीही तेच सांगितलं. मग मला सदा दिसला. फेटा गळ्यात पडलेला, पाण्याच्या कडेला दोन बैलांना घेऊन हळूहळू चालत होता.

"सदाकाका," मी हाक मारली.

"गणराज? धर्मा कुटं हाय?"

धर्मा, म्हणजे दादा, माझ्यामागे आले होते. मदत न घेता, काठी वाळूत रोवत, फेटा बांधून. सदाने त्यांना बघितलं आणि मोठ्याने हसला. "आलास व्हय? आता? शर्यत झाली की. दुसरा आलो."

"दुसरा आलास ना, मंग मी असतो तरी दुसराच आला असतास," दादा म्हणाले. सदाने त्यांच्या पाठीत बुक्की मारली आणि काही न विचारता एका बैलाचा दोर त्यांच्या हातात दिला.

बैल पांढरा होता, तरणा. नाकपुड्या फुगलेल्या, कातडी थरथरत होती. दादांनी काठी माझ्याकडे दिली आणि त्याच्या मानेवर हात ठेवला. मग ते चालायला लागले. ओटी ते विहीर एवढंच चालणारा माणूस ओल्या वाळूवर बैलाला टेकून चालत होता, आणि कोण कोणाला फिरवतंय हे सांगता आलं नसतं. सदा पुढे, दादा मागे, आणि काठी घेऊन मी. पूर्वी बादली असायची.

"दादा," मी शेवटी म्हणालो, "माझेमुलं शर्यत गेली. तीनी वेला."

"शरयती लय बगितल्या," ते म्हणाले. "मी याचेसाठी आलू व्हतू." आणि त्यांनी बैलाच्या मानेवर थोपटलं.

मला रडू आलं. समुद्राकडे तोंड करून रडलो, म्हणजे खारं पाणी उडालं असं सांगता आलं असतं. काशीदच्या मोरीवर, आगरदांड्याच्या धक्क्यावर, मी त्यांना शर्यत दाखवू शकलो नाही म्हणून जळत होतो, आणि त्यांना शर्यत नकोच होती. त्यांना शर्यतीनंतरचं हवं होतं, ज्याच्यासाठी मी कधी थांबलो नव्हतो.

थोडं पुढे गेल्यावर दादा उभे राहिले. गुडघे संपले होते. मला वाटलं, सदाला हाक मारतील. त्यांनी दोर माझ्याकडे केला.

मी मागे वळून बघितलं, कोणाला देतायत ते.

"तुनाच," दादा म्हणाले. "धर. आनी घाई करू नको."

मी दोर घेतला. दुसऱ्या हाताने दादांनी माझा खांदा धरला. बैलाचा गरम श्वास माझ्या कोपरावर येत होता, जोराचा, तुटक. मी त्याच्या पायाशी पाय मिळवला. आयुष्यात पहिल्यांदा मला पुढे जायची इच्छा नव्हती.

सुरूच्या बनातून कोणीतरी ओरडायला लागलं, "ओ, ती लाल गाडी कोनाची? चालूच हाय! चावी आतच हाय!"

दादांनी माझ्याकडे बघितलं. "तुझी ना रं?"

"व्हय," मी म्हणालो. "असू दे. निवतेय."

दादा हसले, फेटा हलेपर्यंत हसले. पांढऱ्याचा श्वास अजून ठिकाणावर आला नव्हता, म्हणून आम्ही आणखी पुढे चालत गेलो.